आरटीओच्या सकाळी

तुमच्यापैकी कुणी पंधरा वर्षं जुनी मोटारसायकल आरटीओत पास करायला नेली आहे का? पास झाली नाही तर सरळ भंगार. माझी नेमकी पासिंगच्याच सकाळी लालबागच्या आमच्या चाळीच्या दारात सुरू होईना. हॉर्न व्यवस्थित वाजत होता, पण किक मारून मारून माझा गुडघा दुखायला लागला.

शेजारचा दिनू मेकॅनिक आहे. त्याने प्लग काढून इंजिनला टेकवला. "मार किक."

ठिणगी नाही.

"काल चालू होती?"

"रात्रीच फिरवून आणली रे."

"मग सकाळपासून हिला काय केलंस?"

"काही नाही. पुसली. आईने हँडलला लिंबू-मिरची बांधली, बस."

दिनू खाली वाकला. लिंबू ओवलेली तार एकीकडे हँडलच्या लोखंडाला आणि दुसरीकडे इंजिन बंद करायच्या स्विचच्या सोललेल्या वायरीला टेकली होती. त्यामुळे स्विच बंदच केल्यासारखा होऊन ठिणगी पडत नव्हती. त्याने तार सोडवली, प्लग बसवला आणि गाडी पहिल्या किकला धडधडली.

वरून गॅलरीतून आईचा आवाज आला, "ते का काढलंस रे? आजच तर नजर लागायची."

"काकू, तुमच्या तारेनेच गाडी बंद पडली होती," दिनू म्हणाला.

आई आत गेली. मला वाटलं, रागावली. थोड्या वेळाने ती दोऱ्यात ओवलेलं लिंबू घेऊन खाली आली.

"दोष तारेचा, लिंबाचा नाही," ते माझ्या हातात देत ती म्हणाली. "आणि हे बघ, तिथे पोचेपर्यंत इंजिन बंद करू नकोस."