आयनांबर आणि आमची धुरपदा

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष माननीय भूपेंद्रभाई, मंचावरचे पाहुणे, शाळेतले गुरुजन, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आमच्या रंजनाबाई, आणि पांडेसऱ्यातल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सगळ्यांना हात जोडून नमस्कार.

माझं नाव पंडित. डाइंगच्या कारखान्यात बॉयलरवर जन्म गेला, शाळा सहावीत सुटली. एवढ्या शिकलेल्या माणसांपुढं मला का उभं केलं, कळत नाही. तो पंखा जरा कमी करता का? कागद उडतो.

बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. मला त्यांनी शाळेबाहेर शिकवलं. आमच्या गल्लीतच राहतात ना.

माझी घरवाली धुरपदाबाई. तिला झटका आला, तेव्हापासून बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, बोलतं करा. मी बोलायचो, मुलगा बोलायचा, सून बोलायची. ही भिंतीकडं बघायची. एकदा संध्याकाळी रेडिओचा कान पिळता पिळता खानदेशातलं एक लहानसं केंद्र लागलं. आमच्या गावाकडच्या अहिराणीत एक बाई पुरणपोळी सांगत होती. आणि मागून आवाज आला, "गूय जास्त व्हयी गया!" मी दचकून वळलो. धुरपदा बोलली होती! गूळ जास्त झाला म्हणत होती. मी रडलो हो. आता नवरा रडतोय म्हणून तरी दोन शब्द बोलावेत? नाही. बोलायची ती रेडिओशीच.

पण दिवसा ते केंद्र काही केल्या लागेना. रेडिओ बिघडला म्हणून मी दोनदा खोलून आणला. शेवटी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आप्पा, रेडिओ चांगला आहे. हे आयनांबरामुळं होतं."

आता मला सांगा, आयनांबर म्हटल्यावर माझ्यासारख्याला काय कळणार? इथं सुरतेत आरशाला आयनो म्हणतात. अंबर म्हणजे आभाळ. मी समजलो, आभाळातला आरसा. मग खाली आपलाही एक असावा, म्हणून कपाटाचा मोठा आरसा काढून गच्चीवर नेला आणि खानदेशाकडं तोंड करून बांधला. सून सुवर्णा घरभर ओरडत फिरतेय, "पप्पा, आयनो क्यां गयो?" शेजारचा गजेंद्र खालून म्हणतो, "काय आप्पा, गच्चीवर दाढी करता का?"

बाई वर आल्या. हसल्या नाहीत. आरसा सोडायला लागल्या आणि म्हणाल्या, "अर्थ चुकला, पण काम बरोबर ओळखलंत." मग समजावलं. फार वर, उन्हानं हवेचे कण विजेनं भारले जातात. त्याचे थर होतात. दिवसा खालचा थर या लांब लहरी पिऊन टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी वरच्या थरापर्यंत जातात आणि तिथून वळून लांबच्या गावात उतरतात. वरचा थर हलता असतो, म्हणून आवाज कधी चढतो, कधी बुडतो.

तेव्हापासून मी दिवस मावळायची वाट बघायला लागलो. बाईही येऊन बसायच्या. धुरपदा रोज थोडं बोलायची. एकदा तर मला नावानं हाक मारली. आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, पण मी म्हटलं, घे बाई, घे.

दिवाळीनंतर आवाज यायचा थांबला. नुसती खरखर. मी वायर बदलली, सेल बदलले, ढगांना शिव्या दिल्या. बाईंनी चौकशी केली आणि मला बाजूला नेऊन म्हणाल्या, "आप्पा, वरचं सगळं जसंच्या तसं आहे. केंद्रानं या लहरीवरून बोलणंच बंद केलंय. आता मोबाईलवर ऐका." नातवानं मोबाईलवर लावूनही दिलं. आवाज अगदी स्वच्छ, भर दुपारी. धुरपदानं ऐकलं आणि म्हणाली, "हाऊ आपला नही." हा आपला नाही म्हणे. त्यानंतर एक शब्द बोललेली नाही.

आता बाई नाशिकला मुलाकडं निघाल्या. जावं त्यांनी, सुखी राहावं. पण कोणाला विचारू मी? सूर्य मावळतो, खालचा थर विरत असेल, वरचा वाट बघत असेल. इतकं मोठं आभाळ रोज तयार होतं आणि खालून कोणी बोलत नाही. शिकलो नसतो तर बरं झालं असतं. निदान रेडिओ बिघडला म्हणून दुरुस्तीला नेत राहिलो असतो.

बाई, निघण्याआधी तिला भेटा. पण रेडिओवरचं केंद्र बंद झालंय हे तिला सांगू नका. मी सांगितलेलं नाही.

कार्यक्रम ठेवल्याबद्दल मंडळाचे आभार, चहावाल्यांचे आभार, तुम्ही ऐकलंत त्याबद्दल तुमचेही. आनंदाच्या जागी भलतंच बोललो असेन, म्हाताऱ्याचं म्हणून पोटात घाला. जेवायला थांबत नाही, राग मानू नका. बाहेर उजेड कमी झालाय. ती आता रेडिओसमोर येऊन बसली असेल.