राजदूतचा बारका जेट

—नाही तात्या, जोर लावून निघत नसतो तो. बसा खाली. बाकडं पुसलंय, धोतराला काही लागणार नाही. हे बघा, इथं, कार्बोरेटरच्या पोटात — दिसतं का? चष्मा आणला नाही? बरं, सांगते. दोन जेट असतात आत. पितळेचे, मधोमध भोक असलेल्या स्क्रूसारखे. मोठा निघाला. हा बारका अडकून बसलाय. याच्या भोकातनं सुईसुद्धा जायची नाही, पण हा तुंबला की तुमची राजदूत चालू राहत नाही — किक मारली की खोकते आणि मरते. मरते म्हणू नये का, शुभ कामाला निघालेल्या माणसापुढं? राहिलं. बंद पडते.

जीपनं जा म्हटलं तर तुम्ही मान हलवता. सोसायटीचे चेअरमन होता तेव्हा घेतलेली गाडी, तिच्यावर बसूनच पुतणीला आणायचं, मानाचं काम — बरोबर आहे तुमचं. मग बसा. माजलगाव कुठं पळून जात नाही. आमची मंजुळा पण घरमालकीण वच्छलाबाईच्या खोलीवरच असणार, बारावीची पोरगी कॉलेज सोडून जाईल कुठं? तिला मागं बसवायचं, धर्मापुरीला न्यायचं, सुपारी, हळद, अक्षता सगळं एका दिवसात उरकायचं — दुष्काळात पंगतीला पाणी कुठनं आणायचं, हे तर लई चांगलं निमित्त सापडलं तुम्हाला — आणि लगेच ऊसतोडीच्या टोळीच्या ट्रकमध्ये चढवायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा नवरदेव गहिनीनाथ म्हणजे अर्धा कोयता, अर्ध्या कोयत्याला कोण नेतं? म्हणून बायको. मला वाटायचं माणसं लग्न करतात म्हणून जोडीनं ऊस तोडायला जातात. आपल्याकडं उलटं आहे. टोळीत कोयते कमी पडले की लग्नं निघतात. आणि टोळीचा मुकादम कोण? तुम्ही. नवरीचा चुलता कोण? तेही तुम्हीच.

रागावू नका, हाताला काम आहे, तोंड रिकामं आहे, म्हणून बोलते. हा पेचकस बघा. याचं टोक मी दगडावर घासून बरोबर खाचेएवढं केलंय. दादांनी शिकवलं — माझ्या बापानं, तुमच्या धाकट्या भावानं, त्रिंबक मिस्तरीनं, आणि तुम्ही काय म्हणाला होता? ‘पोरीनं पाना धरला तर घराची अब्रू काय राहील बे त्रिंबक?’ तर — बारीक पेचकस घातला की खाच खाल्ली जाते. पितळ मऊ असतं. खाच गेली की धरायला काही उरत नाही, मग ड्रिल लावा, कार्बोरेटर फोडा. लोक हेच करतात. मिळेल तो पेचकस, आणि लाव दम. घरात पण हेच.

थांबा, पाणी उकळलं वाटतं. हे पाणी पिण्याचं नाही, तसं बघू नका. सकाळी भांडी विसळलेलं आहे, गाळून ठेवते. कार्बोरेटर उकळत्या पाण्यात धरला की अ‍ॅल्युमिनियम जास्त फुगतं, पितळ कमी. जरा ढिलं होतं. मग रॉकेलचा थेंब. मग आधी सोडवायचं नाही — आधी किंचित आवळायचं. हो, उलटं वाटतं. आवळलं की आतली पकड मोडते, मग सोडवायचं. परत आवळायचं, परत सोडवायचं. याला वेळ लागतो. आज लई लागणार आहे.

एवढा काळा चिकटा आलाय कुठनं, तेच कळत नाही. तळाला गुळाची काकवी जमावी तसा. सकाळी सिरसाळ्याच्या पुढं बंद पडली म्हणालात ना? तोवर नीट चालली? मग भेसळ असणार. बाटलीतलं पेट्रोल घेतलं असेल कुठंतरी टपरीवर. दुष्काळात माणसं पेट्रोलच्या कॅनमध्ये पाणी भरतात आणि पाण्याच्या कॅनमध्ये पेट्रोल. तसंच झालं असेल. तुम्ही हो पण म्हणत नाही, नाही पण म्हणत नाही. तुमची ती सवयच. सोसायटीच्या सभेत पण तुम्ही कधी बोलायचे नाही, दादा सांगायचे. बाकीचे ओरडायचे, तुम्ही सुपारी कातरत बसायचे. शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीनं आयत्या वेळचे विषय’ — आणि त्या आयत्या वेळच्या विषयात सगळं उरकून घ्यायचे. मंजूर, मंजूर, चहा प्या. मंजुळाचं पण तसंच केलं. पितृपंधरवड्याच्या जेवणाला बसलो होतो आम्ही, खिरीचा हात तसाच, आणि तुम्ही म्हणाला, ‘धोंडीरामच्या गहिनीनाथाला आपली मंजी दिलीया.’ दिलीया. माय ताटाकडं बघत राहिली. मायचा, म्हणजे छबुबाईचा, विरोध नोंदवलेला नाही, ठराव एकमतानं मंजूर.

मायला मी विचारलं रात्री, गप का बसलीस. ती म्हणाली, ‘आपुन कोन सांगनारं? ते थोरले हायेत.’ तिची गर्भपिशवी काढली तेव्हा पण थोरलेच होते. तिशी नव्हती गाठली तिनं. पाळी आली की खाडा, खाडा झाला की टोळीचं नुकसान, म्हणून टोळीतल्या बायकांना दवाखाना दाखवला कुणी? बघा ना माझ्याकडं. मी तेव्हा पाचटाच्या खोपीत मंजुळाला मांडीवर घेऊन बसले होते. तेव्हापासून मायची कंबर जी गेली ती गेलीच. आता खाली बसायचं तर भिंत धरते. मंजुळाचं तसं होऊ द्यायचं नाही मला. एवढंच आहे तात्या माझं. बाकी तुम्ही थोरले, मुकादम, चेअरमन, काय असाल ते असा.

हं. हलला. किंचित. नाही, परत बसला. असू दे. घाई कुणाला आहे?

थांबा — फोन. माझाच. नाही, उचलायचा नाही. बघा, एकच रिंग आली आणि बंद झाला. मिस कॉल. कुणाचा म्हणून विचारा की. नका विचारू, मीच सांगते, आता सांगायला हरकत नाही. मंजुळाचा. आमचं ठरलं होतं, नांदेडच्या गाडीत जागा मिळाली की एक रिंग द्यायची आणि ठेवायचं. पैसे नको घालवायला, आणि तुम्ही माझ्याजवळ असला तर बोलायला पण नको. बसली ती गाडीत. सुटली. आता परभणीपर्यंत कुणी उतरवत नाही तिला. सावित्री आहे नांदेडला, माझ्या वर्गातली, ती वसतिगृहात ठेवून घेणार आहे, तिथूनच फॉर्म भरणार, तिथंच परीक्षा देणार. अठरा पूर्ण होईपर्यंत तुम्ही तिला बघणार पण नाही.

आणि हे एवढा वेळ जे चाललं होतं ना — उकळतं पाणी, रॉकेल, आवळा, सोडवा — यातलं निम्मं खोटं होतं तात्या. जेट मघाशीच ढिला झाला होता. मीच परत आवळला. तुम्ही बाकड्यावर बसून राहावं म्हणून. म्हटलं, थोरल्यांना आपल्या गाडीचा एवढा गर्व आहे तर गाडीनंच बसवून ठेवावं. हसू येत होतं मला आतल्या आत. बी.एस्सी. झाले पण आज पहिल्यांदा शिक्षणाचा उपयोग झाला. आता मारायचं असलं तर मारा. पाना इथं पडलाय.

काय झालं? उठत का नाही?

ओरडा की. मागं एकदा मी बस-स्टँडवर चहा प्याले तर घरी येऊन ताट भिरकावलं होतं तुम्ही. आज पोरगी गेली हातातनं, धर्मापुरीत मांडव पडलाय, धोंडीराम तोंडावर थुंकेल तुमच्या — आणि तुम्ही असे बसलाय, देवळात प्रवचनाला बसल्यासारखे. बरं नाही का? पाणी देऊ?

बरं. मग घ्या तुमचा जेट. खोटं करायचं कारण संपलं, आता नीट काढते. हा — निघाला. बघा, एवढंसं पितळ. फुंकर मारते. भोक साफ आहे. आता हवा जायची नळी तपासू… पंप लावला तरी हवा जात नाही. काय आहे आत? तार घालते. माती? माती कुठनं येईल इथं? हाताला धूळ लागते नुसती. गोळी पडली बघा, वाळून खट्ट झालेली, आतनं पोकळ.

कुंभारणीचं घर आहे हे.

कुंभारीण माशी, तात्या. ओला चिखल आणते, भोकात घर करते, अंडी घालते, पिल्लं उडून जातात, घर राहतं. चालत्या गाडीत नाही करत ती घर. महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीत करते. आणि चिखल… यंदा मृगापासून थेंब पडला नाही आपल्याकडं. टँकर आला तर बायका त्याच्या तोटीखाली परात धरतात, जमिनीवर पडू देत नाहीत. चिखल कुठला? ही गेल्या पावसाळ्यातली माती आहे. आणि तो काळा चिकटा — भेसळ नाही ती. पेट्रोल आटून आटून तसं होतं, वर्षभर उभं राहिलं की. मघाशी हातात होतं माझ्या. दिसत होतं. मी बघितलं नाही, कारण मला गाडी बिघडलेलीच पाहिजे होती.

ही गाडी सिरसाळ्यापुढं बंद पडली नाही. ही चाललीच नाही. हिला टेम्पोत घालून आणली, फाट्यावर उतरवली, आणि तिथून ढकलत आणली. होय ना?

कावून? कशापायी?

तुम्हाला माजलगावला जायचंच नव्हतं. मग कुणाला जायचं होतं? बोला. नांदेडचं तुम्हाला कुणी सांगितलं? मी फक्त — मी मायला सांगितलं होतं. काल. तिच्या कमरेला तेल चोळत होते. तिनं भाकरी बांधून दिल्या मंजुळासाठी, ठेचा दिला, म्हणाली नीट जा म्हण. आणि तुम्हाला येऊन सांगितलं. तुम्हाला कळलं, मी जर आज माजलगावच्या स्टँडवर असते तर पोरीला कुणी हात लावू शकलं नसतं, मी पोलीस स्टेशनसमोर आडवी पडले असते. म्हणून मला इथं बसवलं. मी तुम्हाला बसवत नव्हते.

सरका, फोन द्या इकडं. बंद. मंजुळाचा बंद लागतोय. वच्छलाबाईला लावते… उचला ना बाई, उचला…

हॅलो, वच्छलाबाई, मी शिवकन्या. गाडी सुटली ना? — कोण जीप? — केव्हा? — माय स्वतः होती? आणि दगडाकाकू. बरं. बरं. — आत्या नाही, काकू, तात्याची बायको. — काय म्हणाली माय? ‘मला भेटून जा’ म्हणाली. आणि ती खाली आली. येणारच. — ओरडली का ती? — हां. — जीपमधनं फोन लावला तिनं? तुम्ही बघितलं? — कानाला लावला आणि काकूनं हिसकून घेतला. — नाही, नाही, तुमची चूक नाही. नका रडू. — मला आला होता तो. एक रिंग. आला होता. — नाही उचलला मी. — ठेवते.

तात्या, मी समोर बसले होते तुमच्या. तुम्ही बघितलं मला फोन खाली ठेवताना.

कुठल्या रस्त्यानं नेली तिला? धर्मापुरीलाच, की दुसरीकडं कुठं मांडव टाकलाय? अक्षता किती वाजता आहेत? एवढं तरी सांगा. शब्द वापरायला नको असला तर हातानं दाखवा.

नका सांगू. बाजूला व्हा. शटर ओढून निघायचंय मला.