सरस उकळायचा नसतो, कोको उकळायचा असतो

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या बांधणीशाळेचे मालक, प्रमुख पाहुण्या म्हणून लाभलेल्या वाचनालयाच्या मुख्य ग्रंथपाल महोदया, व्यासपीठावरचे छपाई विभागाचे प्रमुख, जिथे बसवलं तिथे अवघडून बसलेल्या आमच्या बाई, समोर बसलेले शिवणीचे, कापणीचे आणि पुठ्ठ्याचे माझे सगळे सहकारी, त्यांची घरची मंडळी, आणि शेवटच्या रांगेतून ‘आटोपतं घ्या’ अशी खूण आत्तापासूनच करणारी माझी सौभाग्यवती, सर्वांना माझा आदरपूर्वक नमस्कार.

भाषणाआधी एक नम्र विनंती. आपल्या प्रत्येकाच्या पुढ्यात कागदी बशीत एक गोल, काळपट, ओबडधोबड वस्तू आहे. तिला इतक्यात कोणी हात लावू नये. कापणीच्या टेबलावर हात लागलेला आहे, मला इथून दिसतंय. तोंड पुसून उपयोग नाही, दादा. बशी रिकामी आहे.

हा नियम मी का करतोय? कारण अध्यक्षसाहेबांच्या हातात मघापासून जो पुष्पगुच्छ आहे, तो अजून कोणाचाच नाही. बाईंनी काल बजावून सांगितलंय, “आधी चव, मग फुलं. कुकीज जमल्या नसतील तर फुलं तुझ्या घरी ने आणि फुलदाणीत ठेव. मी माझी पिशवी उचलेन आणि चालायला लागेन.” बाई बोलल्या म्हणजे बोलल्या. पिशवी त्यांच्या खुर्चीच्या पायाशी आहे, आपण पाहू शकता. म्हणजे आजचा बाईंचा निरोप समारंभ व्हायचा की नाही, हे माझ्या हातच्या कुकीजवर ठरणार आहे. तेव्हा माझा आवाज जरा कापला, तर तो माईकचा दोष समजू नये.

आता ग्रंथपाल महोदयांसारख्या बाहेरून आलेल्यांसाठी थोडं सांगतो. बाई म्हणजे आमच्या बांधणीशाळेच्या शिवणीच्या प्रमुख. छापून आलेले मोठे कागद घडी घालून त्यांचा जो एक गठ्ठा होतो, त्याला आम्ही फर्मा म्हणतो. असे फर्मे एकावर एक दोऱ्याने शिवले की पुस्तक होतं. बाईंच्या हाताखालून किती पुस्तकं गेली असतील? मोजदाद कोण करणार! तुमच्या वाचनालयात ज्या पुस्तकाची पानं सुटत नाहीत ते आमच्याकडचं, आणि ज्याची सुटतात ते दुसरीकडचं. इतकं ओळखलं तरी पुरे.

बाईंनी कधी कोणाला ‘छान’ म्हटलेलं ऐकलंय का कोणी? हात वर करा. बघा, एकही नाही. त्यांची पद्धत निराळी. पुस्तक हातात घ्यायचं, उलटं करायचं, पाठ बघायची, अंगठ्याने कड दाबायची. पसंत पडलं तर डावीकडे ठेवायचं. नाही पडलं तर उजवीकडे. उजवीकडे म्हणजे उसवा आणि पुन्हा करा. तोंडातून शब्द नाही. मी या कामात आलो तेव्हा माझी पुस्तकं इतकी उजवीकडे जायची की मला वाटायचं, त्यांना डावा हातच नसावा.

मी कोणत्याही शाळेत बांधणी शिकलो नाही, हे आपल्याला ठाऊक आहेच, कारण मी ते अधूनमधून सांगत असतो. (मागून कोणीतरी ‘रोज’ म्हणालं. असू दे, रोज.) जुनी पुस्तकं उसवून, दोरा कुठून शिरला आणि कुठून निघाला हे बघून मी शिकलो. मोजल्याशिवाय कशाला हात लावत नाही, म्हणून बाईंनी माझं नाव ‘फूटपट्टी’ ठेवलं. पुढे पगारवाटप करणारे कारकूनसुद्धा तेच म्हणायला लागले. मी हरकत घेतली नाही. फूटपट्टी सरळ असते. सगळ्यांनाच असं नाव मिळतं असं नाही.

तर मुद्द्यावर येतो. आमच्याकडे एक रीत आहे. एखादं मोठं काम संपलं, शेवटचं पुस्तक दाबाखालून निघालं, की दुसऱ्या दिवशी बाईंचा पत्र्याचा डबा यायचा. डब्यात चॉकलेट आणि ओट्सच्या कुकीज. भट्टी नको, ओव्हन नको. बाईंच्या घरी दोन बर्नरची शेगडी आणि जाड बुडाचं एक पातेलं, एवढाच संसार. लोणी, साखर, दूध, कोको एकत्र उकळायचं, खाली उतरवून त्यात पीनट बटर, चमचाभर व्हॅनिला आणि ओट्स घालून घोटायचं, आणि चमच्याने कागदावर टाकायचं. गार झालं की आपोआप घट्ट. त्या डब्याची पहिली कुकी शेवटचा टाका घालणाऱ्याची. बाकी झुंबड. डबा आला म्हणजे काम संपलं. तोवर मालकांनी ‘संपलं’ म्हटलं तरी आम्ही ते धरत नव्हतो. साहेब, राग नसावा.

मग हा डबा यायचा बंद झाला. नकाशांचं मोठं काम संपलं, डबा नाही. कायद्याचे खंड संपले, डबा नाही. आमच्याकडे तर्कांना काय तोटा! पुठ्ठ्यावाले म्हणाले, बाई मालकांवर रुसल्यात. कापणीवाले म्हणाले, फूटपट्टीवर रुसल्यात. शेवटी मीच त्यांच्या घरी गेलो. पुढचं सांगायची बाईंकडून परवानगी घेतलेली आहे. मिळायला दोन कप चहा लागला.

मी विचारलं, “बाई, आमचं काही चुकलं का?”

“तुझं काय चुकणार? तू फूटपट्टी.”

“मग डबा?”

 त्यांनी पातेल्यातला चमचा उचलून माझ्यापुढे धरला. चमचा हलत होता. उजवं मनगट गेलं होतं त्यांचं. इतक्या वर्षांचा दोरा ओढून ओढून. ओट्स पडले की ते मिश्रण ओल्या मातीसारखं जड होतं. ते घोटायला मनगट लागतं, आणि तेच राहिलं नव्हतं. निवृत्तीचा अर्ज त्यांनी मुदतीआधी दिला तो त्याचमुळे. आणि समारंभाला नाही म्हणाल्या तेही त्याचमुळे. म्हणाल्या, “दुसऱ्यांच्या कामांना डबा नेला. आता माझंच काम संपतंय, आणि डबा नेता येत नाही. मग संपलं असं कशाला म्हणायचं? गुपचूप जाते.”

मी हे मालकांच्या कानावर घातलं. साहेब मनाने मोठे, लगेच म्हणाले, “अरे, मग दुकानातून मोठा खोका मागवू.” हे बाईंना कळलं तेव्हा त्या हसल्या. कशा हसल्या ते साहेबांसमोर करून दाखवत नाही.

तेव्हा मी म्हणालो, “बाई, मी करतो.”

“तू?”

“मी काहीही शिकू शकतो. मला कोणी शिकवलं नव्हतं तरी...”

“माहितीये, माहितीये. कर. पण तुझ्या बायकोने हात लावायचा नाही. आणि जमल्या तरच मी येईन.”

मंडळी, मी घरी गेलो आणि जय्यत तयारी केली. बटर पेपर कापणीच्या यंत्रावर कापून आणला, चारही कोन काटकोनात. ओट्सची वाटी आमच्या घडी दाबायच्या पट्टीने सपाट केली. साखर अशी मोजली की आमची सौभाग्यवती म्हणाली, “अहो, दाणे मोजताय का?” आणि मग मी तेच केलं जे फक्त बांधणीवाला करेल. आमच्याकडे पहिल्या दिवशी पहिला धडा कोणता? तुम्हीच सांगा.

बरोबर. सरस उकळला की मेला.

सरस, म्हणजे पुस्तकाच्या पाठीला लावायचा आमचा गोंद, नेहमी पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून हळूहळू गरम करायचा. बुडबुडा दिसला की ओतून द्यायचा, कारण त्याचा चिकटपणा गेला. हे आमच्या हाडात आहे. मीही कोकोचं पातेलं पाण्याच्या पातेल्यात ठेवलं आणि डोळ्यांत तेल घालून पहारा दिला. एक बुडबुडा येऊ दिला नाही! काय तुकतुकीत झालं होतं मिश्रण, काय सांगू. ओट्स घातले, कागदावर टाकलं. थांबलो. घट्ट होईना. अजून थांबलो. होईना. मग मी दुसरा धडा आठवला. जे बसत नाही, ते दाबाखाली ठेवावं. वर कागद, कागदावर पाट, पाटावर शब्दकोश.

चारी बाजूंनी चॉकलेट बाहेर आलं. शब्दकोशाच्या पुठ्ठ्यावर अजून डाग आहे.

मी ते एका वाटीत खरवडून बाईंकडे नेलं. त्यांनी वाटी तिरकी केली, मिश्रण ओघळलं, आणि त्यांनी वाटी उजवीकडे ठेवली. मग म्हणाल्या, “उकळलं होतंस?”

“छे! एक बुडबुडा...”

“अरे फूटपट्टी, कुकी करतोयस का पुस्तकाला पाठ लावतोयस? साखर उकळल्याशिवाय धरत नाही.”

दुसऱ्या खेपेला मी उकळलं. चांगलं उकळलं. पुन्हा कोणी म्हणायला नको म्हणून आणखी उकळलं. ओट्स घातल्याबरोबर चमचा पातेल्यात उभा राहिला. कागदावर टाकायला गेलो तर ते पडेना, आणि पडलं तेव्हा भुसा झाला. आमची मुलगी म्हणाली, “बाबा, हे दुधात घालून सकाळी खाता येईल.” ही सहानुभूती होती की टोमणा, हे तिच्या आईने मला अजून सांगितलेलं नाही. बाईंच्या घरी भुसाही उजवीकडे गेला.

“बाई, पण मग नेमकं किती उकळायचं? आकडा सांगा.”

“आकडा मला काय माहीत? उकळी भरली की मी हात चालवते, आणि मग उतरवते.”

“हात चालवते म्हणजे?”

“तिथे पातेलं ठेव. दाखवते.”

तिसऱ्या खेपेला मी त्यांच्याच स्वयंपाकघरात उभा होतो. त्या शेगडीजवळ स्टुलावर बसल्या. मिश्रण कडेने उकळायला लागलं, मी हात पुढे केला. “थांब.” मग मधूनही उसळलं, सबंध पातेलं बुडबुड्यांनी भरलं. आणि बाईंनी हवेत सुई धरली.

सुई नव्हती, दोरा नव्हता. पण मी इतकी वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसलोय. त्यांनी हवेत फर्मा उघडला. मधल्या घडीत सुई आत घातली, बाहेर काढली, दोरा ओढला. आत, बाहेर, ओढ. मनगट किंचित थरथरत होतं, पण चाल तीच. एक टाका वर नाही, एक टाका खाली नाही. शेवटी आधीच्या फर्म्याशी गाठ मारली, दोरा तोडला, आणि म्हणाल्या, “उतरव.”

एक फर्मा शिवायला जेवढा वेळ लागतो, तेवढीच उकळी. इतकी वर्षं त्या शेगडीपाशी उभं राहून पुस्तकं शिवत होत्या, आणि आपण ती खात होतो!

मी पातेलं उतरवलं. पीनट बटर, व्हॅनिला, ओट्स. मी घोटलं, त्या “तळापासून, तळापासून, कडा सोडू नकोस” असं ओरडत राहिल्या. कुकीज कागदावर टाकल्या आणि आम्ही दोघं बघत बसलो. आधी त्या ओल्या चकाकत होत्या. मग हळूहळू चकाकी मावळली, जसा चिकटवायची ताजी खळ लावलेला कागद सुकतो तशी. बाई म्हणाल्या, “धरली.” आणि मग थोड्या वेळाने, स्वतःच्या हाताकडे बघत, “अजून येतं की मला.”

मंडळी, त्या वाक्यासाठी मी आणखी दहा शब्दकोश खराब केले असते.

पण त्या धरल्या त्या बाईंच्या देखरेखीखाली. ती परीक्षा नव्हे. आज सकाळच्या कुकीज मी माझ्या घरी, एकट्याने केल्यात. उकळी भरल्यावर मीही हवेत फर्मा शिवला. आमची सौभाग्यवती दारात उभी राहून म्हणाली, “अहो, भुताला टाके घालताय का?” मी टाके घालत राहिलो. मधेच बोललं तर टाका चुकतो.

आता माझी एक अडचण आहे. बाईंचा फर्मा आणि माझा फर्मा एका वेगाने होत नाही. माझा जरा सावकाश होतो, मी मोजतो म्हणून. तो फरक मी धरलाय, असं मला वाटतं. मला वाटतं, हे मी आयुष्यात फार कमी वेळा म्हटलेलं आहे. तेव्हा बाई, आता आपण.

घ्या.

मंडळी, मागे ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाईंनी कुकी उचलली. उलटी केली. पुस्तकाची पाठ बघतात तशी खालची बाजू बघताहेत. कागद चिकटलेला नाही, बाई, मी तपासलंय. अंगठ्याने कड दाबली. भुगा पडला नाही. तोडली. खाल्ली. चावताहेत. ग्रंथपाल महोदया, कृपया त्यांना काही विचारू नका. अजून चावताहेत. अर्धी बशीत ठेवली. बशीला हात लावला.

डावीकडे! डावीकडे सरकवली!

साहेब, त्यांच्या डावीकडे आपण बसला आहात, म्हणून ती अर्धी आपली झाली असं नाही. तो हात मागे घ्या, आणि त्याच हाताने आता पुष्पगुच्छ द्या. टाळ्या वाजवा हो, बसलात काय!

बाई, पत्र्याचा डबा तुम्ही माझ्याकडे दिलात. तो बांधणीशाळेतच राहील. पण पुढचं मोठं काम संपेल तेव्हा तुम्हाला यावं लागेल. पातेलं माझं, घोटणं माझं. उकळी भरली की फर्मा मात्र तुम्हीच शिवायचा. माझ्या हातून एखादा टाका जास्त पडतो, आणि ते तुमच्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही.

अध्यक्षसाहेबांनी मला बोलायला दिलं, पाहुण्या महोदयांनी कुकीसमोर बसून संयम दाखवला, छपाईप्रमुखांनी टेबलं दिली, आमच्या सौभाग्यवतीने वचन पाळून पातेल्याला हात लावला नाही, फक्त नंतर घासलं, या सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात कोणाचं नाव राहिलं असेल, चेष्टा कोणाला लागली असेल, भाषण लांबलं असेल, तर ते पोटात घाला. कुकीत काही चुकलं असेल तर मात्र पोटात घालू नका. बशी उजवीकडे ठेवा. मी पुन्हा करीन.

आता हात लावायला हरकत नाही.