मल्हारीचा खांदा

विमल : आ करा. मोठा. पंचांसमोर छाती काढता, तसा.

मल्हारी : अगं, मी खातो माझ्या हाताने.

विमल : खा की. ही घ्या भाकरी, मोडा... का हो? सकाळी याच हातांवर सगळं अंग अधांतरी तोललंत ना? भाकरी काय तुमच्यापेक्षा जड आहे?

मल्हारी : उजवा जरा आखडलाय.

विमल : आखडलाय! डॉक्टर म्हणाले, स्नायू फाटलाय. रिंगला पुन्हा लटकायचं नाही म्हणाले. मी तिथंच उभी होते.

मल्हारी : त्या डॉक्टरने आयुष्यात रिंग बघितली नसेल.

विमल : खांदे बघितलेत त्यांनी.

मल्हारी : राज्याच्या जिम्नॅस्टिक्स संघात निवड झालीय, विमल. लग्नाच्या आधीपासून या एका दिवसासाठी अंग मोडतोय मी.

विमल : मोडलंत की! पुढच्या वर्षी दिल्लीला एशियाड आहे म्हणे. तिथं घास भरवायला मला नेणार, का पंच भरवतील?

मल्हारी : हळू बोल. भिकन येतोय. त्याला यातलं काही सांगायचं नाही.

भिकन : काय पैलवान! तुझ्यासाठी मनमाडची गाडी सोडली. निवड तुझी, राखीव मी. म्हणजे तू रिंगवर चढणार, आन् मी खाली तुझ्या चपला राखणार.

विमल : या भाऊजी. राजेसाहेबांचं जेवण चाललंय.

भिकन : वहिनी भरवतायत? वा रे वा!

विमल : हात आता सरकारी झालेत त्यांचे. घरच्या कामाला मिळत नाहीत.

भिकन : पण खरं सांगतो वहिनी, तो क्रॉस म्हणजे चेष्टा नाय. दोन्ही हात आडवे ताणून हवेत थांबायचं. खाली आधार नाय, वर पट्टे हलतात, कोपर वाकलं की खेळ खलास. माझे हात पिंपळपानासारखे थरथरले. हा हललाच नाय. मी खाली उभा राहून मनात म्हणत होतो, पड की लेका.

मल्हारी : असं म्हणालास?

भिकन : म्हणालो. पडला नाहीस, मग टाळ्या वाजवल्या. दे टाळी! अरे, दे ना... हात का वर येत नाय तुझा?

विमल : सांगा आता. नाहीतर म्हणा, नवस आहे.

मल्हारी : क्रॉसमध्येच फाटला, भिकन. खांद्यात कट्‌ झालं. मला ऐकू आलं.

भिकन : आन् तरी थांबून राहिलास?

मल्हारी : सोडलं असतं, तर तू गेला असतास.

भिकन : झकास! म्हणजे आता तिथं जाऊन पडशील. तूबी नाय, मीबी नाय. लय हुशार माणूस.

(मल्हारी डाव्या हाताने ताट बाजूला सारतो.)

मल्हारी : तू जा संघात. तुझं डावं कोपर वाकतं, तेवढं सांभाळ.

भिकन : संघाच्या सरांना कोण सांगणार? मी सांगितलं तर म्हणतील, जळतोय.

मल्हारी : मीच येतो... विमल, शर्टाची बटणं लावून दे.