टेकडीला झाला कोरोना

तुमी हसाल, पण कोरोनात आमच्या डोळखांबकडं पहिली सील झाली ती एक टेकडी. माणूस एक राहत नाय तिथं.

आमच्या पाड्यावर रेंज नाय. फोनवर काय बघायचं झालं की सगळी टेकडीवर, वाघोबाच्या दगडापाशी जातात. मी गावची आशाताई, मीच बायांना तिथं नेऊन ताप, खोकला, काढा असं शोधून द्यायची.

एक दिवस वरचे साहेब लॅपटॉप घेऊन आले. म्हणाले, "लोक फोनवर आजाराबद्दल काय शोधतात, ते आम्ही बघतो. सगळ्यात जास्त इथून शोधलंय." बोट नकाशातल्या आमच्या टेकडीवर.

मी सांगितलं, "साहेब, तिथं नुसती रेंज आहे."

"इथं लाल दिसतंय ना? मग झालं."

दुपारी पायवाटेवर आडवे बांबू बांधले आणि एक पोलीस बसवला. शेजारचा सोमा म्हणाला, "आता रात्री-अपरात्री कोण आजारी पडलं तर काय करायचं?"

साहेब म्हणाले, "लगेच फोन करायचा."

त्याच आठवड्यात सोमाच्या आईला ताप चढला. गाडी बोलवायला बिचारा डोळखांबपर्यंत पळत गेला. म्हातारी वाचली म्हणून आज हसतोय आपण.

पुढं साहेब हार घेऊन आले. "अभिनंदन ताई. टेकडीवरून आता कोणी काहीच शोधत नाही. साथ आटोक्यात आली."

हार माझ्या गळ्यात घातला आणि लगेच साहेबांनी तोंड वाकडं केलं. "पण हे सांगायला कधीचा फोन करतोय तुम्हाला. लागत का नाही हो?"