खंडेनवमीला झोपवलेलं मशीन

(साखर कारखान्याचं ऑफिस, १९७१. दसऱ्याची सकाळ. कपाटाएवढा कॉम्प्युटर, त्याला झेंडूची माळ. आबासाहेब कारखान्याचे चेअरमन, मच्छिंद्र मशीन चालवणारा, लंकाबाई ऑफिसातली शिपाई आणि ऊस घालणारी सभासद.)

आबासाहेब : इसरलं म्हंजे? काल खंडेनवमीच्या पूजेला बंद केलं, एक रात्र तर गेली. माझा बैल पोळ्याला दिवसभर मोकळा असतो. दुसऱ्या दिवशी जू इसरतो काय?

मच्छिंद्र : बैल झोपला तरी बैलच राहतो, आबासाहेब. हे बंद केलं की कपाट होतं. मुंबईचा इंजिनिअर जाताना बजावून गेला होता, होता होईल तो बंद करू नका.

आबासाहेब : हत्याराला एक दिवस इसावा द्यायचा, ही रीत हाय. गव्हाणीपासून वजनकाट्यापर्यंत समद्यांनी घेतला. तुझं मशीन काय आभाळातनं पडलंय? कर चालू. दहा वाजून बारा मिनिटांचा मुहूर्त हाय. दुपारी ऊसतोडीची यादी फाटकावर लागली पायजे. पाथर्डीच्या टोळ्या गाड्या सोडून बसल्यात.

मच्छिंद्र : चालू केलंय की. पंखा ऐकू येतोय ना?

आबासाहेब : पंखा माझ्या घरी बी हाय.

मच्छिंद्र : म्हणजे वीज पोचली. अक्कल पोचायची आहे. आता ही बारा बटणं. वर, खाली, खाली, वर... ही एक ओळ झाली. अशा चौदा.

आबासाहेब : काय सांगतोयस त्येला?

मच्छिंद्र : वाचायचं कसं ते.

आबासाहेब : आठशे सभासदांचा ऊस ध्यानात ठेवणारं मशीन, आन् त्येला वाचता येत न्हाई?

मच्छिंद्र : या घटकेला त्याला आपण मशीन आहोत हेसुद्धा माहीत नाही. या चौदा ओळींत एवढंच आहे : फीत ओढ, भोकं बघ, दिसलं ते ध्यानात ठेव, पुढची ओढ. मग भोकं पाडलेली कागदी फीत लावायची. ती वाचता वाचता ते बाकीचं सगळं शिकतं.

आबासाहेब : म्हंजे पोराला शाळेत घालायच्या आधी, शाळा कशाला म्हणतात ते शिकवायचं.

मच्छिंद्र : अगदी तसंच.

आबासाहेब : आमच्या मेव्हण्याला अशी बारा बटनं असती तर!

मच्छिंद्र : ...खाली, वर, वर. चौदावी झाली. आता शिकवणीची फीत. लंकाबाई! ओ लंकाबाई! ड्रॉवरमधलं पिवळं भेंडोळं कुठं गेलं?

लंकाबाई : कोन्तं? भोकाभोकाचा कागुद? दारावर हाय की.

मच्छिंद्र : दारावर?

लंकाबाई : तोरन केलं. आबासायेब म्हनले, आरास झकास कर. एवढी बारीक नक्षी कुनी पाडलीय, म्हनलं ड्रावरात कुजवायची कशापायी?

आबासाहेब : त्ये व्हय? मला वाटलं, नगरहून आनवलं. लई झ्याक दिसतंय.

मच्छिंद्र : कापलंत?

लंकाबाई : मग एवढं लांब कसं लावनार? सात तुकडे केले. दाराला एक, चार खिडक्यांना चार, मशीनच्या मागं एक.

मच्छिंद्र : सहा झाले.

लंकाबाई : सातवा आबासायबांच्या जीपला.

आबासाहेब : व्हय, बॉनेटवर हाय. सकाळी घोडेगावपर्यंत फडफडत गेला. लोक वळून बघत हुते.

मच्छिंद्र : दुसरी फीत नाही हो! मुंबईहून यायला आठ दिवस लागतील. आणि तुकडे उलटसुलट जोडले, तर हे भलतंच काहीतरी शिकेल.

लंकाबाई : उलटसुलट कशानं? कापले तसे टांगले. दारापासनं उजव्या अंगानं, प्रदक्षिना घालावी तसं. मशीन झालं, उरला त्यो जीपला.

मच्छिंद्र : आणि वरची बाजू कुठली?

लंकाबाई : बारक्या भोकांची वळ जरा कडंला सरकलीय बघा. ती समदीकडं वर धरली. न्हाईतर तोरन वाकडं दिसतं.

मच्छिंद्र : लंकाबाई, तुम्ही मुंबईला असायला हव्या होतात. आणा, आणा ते सगळं. पण ही फुलं कशी अडकवलीत?

लंकाबाई : सुईनं ववली.

मच्छिंद्र : कागदातून?

लंकाबाई : मग काय वाऱ्यातनं?

मच्छिंद्र : अहो, म्हणजे तुम्ही भोकं पाडलीत! याला भोक म्हणजे अक्षर.

आबासाहेब : पाडंनात. चार अक्षरं जास्तीची शिकंल.

मच्छिंद्र : कुठली चार, ते कुणाला ठाऊक! चिकटपट्टी द्या. सुईचं एकेक भोक बुजवावं लागणार.

लंकाबाई : भाऊ, ह्ये जागंच न्हाई झालं, तर यादी कोन करनार?

आबासाहेब : मी करीन. गेली सा वर्सं मीच केली.

लंकाबाई : म्हनून तर इचारलं. गेल्या साली माझ्या दीड एकरात वैशाखात कोयता आला. रस कुठला, सरपन निघालं. मालकांच्या मागं मला तेवढाच ऊस हाय.

आबासाहेब : मागं-फुडं हुतंच.

लंकाबाई : तुमचा कदी मागं न्हाई झाला.

आबासाहेब : ह्येच! ह्येच बोलनं नको, म्हणून मशीन आनलं. सभेत मी हात वर करून सांगितलं, आता मशीन म्हणंल ती पूर्वदिशा. जोडलं का रं? मुहूर्त टळला.

मच्छिंद्र : जोडलं. ओढतंय... दार गेलं. खिडक्या गेल्या. मशीनमागचा तुकडा... आता जीप. लंकाबाई, हात सोडा माझा. हं, टाइप केलं बघा. ‘तयार’ म्हणतंय. आता सभासदांची फीत लावतो. ती कपाटात कुलपात होती, देवाची कृपा.

आबासाहेब : बघ, पयलं नाव कुनाचं आलंय ते. मोठ्यानं वाच.

मच्छिंद्र : राहात्याकडचे कुणी पुंजाराम आहेत. लागणीच्या तारखेनं लावायला सांगितलंय ना. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. लंकाबाई, तुमचा नंबर नववा.

लंकाबाई : नव्वद?

मच्छिंद्र : नऊ.

आबासाहेब : आन् माझा?

मच्छिंद्र : कागद अजून येतोय, साहेब.

आबासाहेब : ...आला का?

मच्छिंद्र : दोनशे चौदा.

आबासाहेब : बंद कर.

मच्छिंद्र : काय?

आबासाहेब : बंद करून परत चालू कर. नीट जागं झालेलं न्हाई. बैल बिथरला की सोडून परत जुंपत्यात.

मच्छिंद्र : सगळं पुसलं जाईल. मग मी पहिल्यापासून शिकवीन, आणि मग ते परत दोनशे चौदाच सांगेल.

आबासाहेब : तासभर बसून शिकवलंस. मी कोन हाय, तेवढंच न्हाई शिकवलं?

मच्छिंद्र : नाव आहे की तुमचं त्यात. लागणीच्या तारखेसमोर.

लंकाबाई : आबासायेब, फाटकावर मुकादम यादी मागत्यात. काय सांगू?

आबासाहेब : ...सांग, येतीय. मच्छिंद्रा, सही कुठं करायची?

मच्छिंद्र : इथं, खाली.

लंकाबाई : आन् भाऊ, माझा ऊस गाडीत पडंस्तवर त्येला झोपू देऊ नगा.