ग्राहकाने थांबायला सांगितलं

नर्सबाई : नुसतं टेकू नकोस. नीट बस. पूर्ण भार टाक.

टपालवाली : मावशी, मी पार्सल पोचवायला आलेय. पार्सलात आलेल्या झोळीत बसून बघणं आमच्या कामात येत नाही. तुमच्या फोनवर चार आकडे आलेत ते सांगा, की मी निघाले. अजून अकरा दारं राहिलीत.

नर्सबाई : सांगते ना. पण कड्यांत तू अडकवलीस, गाठी तू मारल्यास. उद्या मी झोळीसकट या गॅलरीत आपटले तर? दोनच महिने झालेत गुडघ्याच्या ऑपरेशनला.

टपालवाली : गाठी पक्क्या आहेत. वीस-वीस किलोचे गठ्ठे बांधते मी.

नर्सबाई : मी वीस किलोची दिसते का तुला?

टपालवाली : बरं, बसते. एकच मिनिट हं. ही बघा, बसले. पाय वर घेऊ?

नर्सबाई : घे की.

टपालवाली : हलतेय छान. ऊन पण किती मऊ येतं हो इथे. रविवारी घरं अशी असतात, विसरलेच होते.

नर्सबाई : अशी म्हणजे?

टपालवाली : कुणाला कुठे जायचंच नसल्यासारखी. दार उघडायला माणसं वेळ लावतात. गालावर उशीची घडी उमटलेली असते. आतला गारवा पायांवर येतो, पाण्यात उभं राहिल्यासारखा. मग आकडे, फोटो, पुढचं दार.

नर्सबाई : तुझी सुट्टी कधी मग?

टपालवाली : बुधवारी. ही ऑनलाइनची पार्सलं शनिवार-रविवारीही पोचवायची ठरलं, तेव्हापासून. सतरा रविवार झाले. आमचे हे बस चालवतात, त्यांची सुट्टी रविवारचीच. एरवी त्यांची दुपारपाळी. ते येतात तेव्हा मी झोपलेली, मी निघते तेव्हा ते. फ्रिजवर चिठ्ठ्या लावतो एकमेकांना. दूध घेतलंय. गिझर गळतोय. इस्त्रीचे कपडे…

नर्सबाई : कपड्यांचं काय? अगं ए.

(टपालवालीला झोप लागली आहे. चाळीस मिनिटांनी तिच्या पिशवीतला फोन वाजतो.)

साहेब : कुठे आहात तुम्ही?

नर्सबाई : हळू बोला. कोण हवंय?

साहेब : तुम्ही कोण? मी टपाल ऑफिसातून बोलतोय. हा फोन आमच्या बाईंचा आहे.

नर्सबाई : त्या माझ्या घरी आहेत. पार्सल घेऊन आल्या होत्या. आत्ता बोलू शकत नाहीत.

साहेब : लागलं-बिगलं का काही?

नर्सबाई : झोपल्यात.

साहेब : झोपल्यात?

नर्सबाई : गाढ. मी नर्स होते, एकतीस वर्षं वॉर्डात काढली. खरी झोप कुठली आणि सोंग कुठलं, मला लांबून कळतं.

साहेब : अहो, इथे माझ्यासमोर नकाशावर त्यांचं टिंब पाऊण तास एका जागी आहे. मी कारण भरलं नाही तर तक्रार आपोआप वर जाते. एकदा गेलेली आहे. पुन्हा गेली तर कामावरून कमी करतील. उठवा त्यांना.

नर्सबाई : ते नाही जमायचं. कारणं कुठली असतात तुमच्याकडे?

साहेब : ठरलेली. दार बंद. पत्ता सापडला नाही. ग्राहकाने नाकारलं. गाडी बिघडली.

नर्सबाई : गाडी बिघडलीच म्हणायची.

साहेब : खोटं भरत नाही मी.

नर्सबाई : मग पुढचं वाचा.

साहेब : कुत्रा. जोराचा पाऊस. ग्राहकाने थांबायला सांगितलं.

नर्सबाई : सांगितलं की. आकडे अजून दिलेलेच नाहीत मी.

साहेब : हं. अर्धा तास मिळतो यावर. भरतो. कुठे झोपल्यात?

नर्सबाई : झोळीत. गॅलरीत.

साहेब : असू दे. उठल्या की सांगा, जिने सावकाश चढा म्हणावं. मीही संध्याकाळपर्यंत इथेच आहे.

(दहा मिनिटांनी टपालवालीला जाग येते.)

टपालवाली : मावशी, किती वाजले? फोन वाजला का माझा?

नर्सबाई : वाजला. मी उचलला, खरं काय ते सांगितलं. वीस मिनिटं आहेत तुला. आधी पाणी पी.

टपालवाली : काढलं ना मला?

नर्सबाई : नाही. जिने सावकाश चढा म्हणाले.

टपालवाली : आमचे साहेब?

नर्सबाई : तेच. आणि झोपेत कुणाला सांगत होतीस, सही करा, सही करा?

टपालवाली : स्वप्नात होते. एक लांबच लांब जिना, काठोकाठ उन्हाने भरलेला. पाऊल टाकलं की उन्हाला लाटा यायच्या. पिशवी अगदी हलकी. वर एकच दार होतं. उघडलं तर आमचे हे. मला ओळखलंच नाही त्यांनी. मीही सांगितलं नाही. म्हटलं, सही करा. त्यांनी केली. मग म्हणाले, आत या ना, घरी कुणी नसतं रविवारचं.

नर्सबाई : गेलीस?

टपालवाली : तुम्ही ग्लास ठेवलात, त्या आवाजाने जाग आली.

नर्सबाई : चुकलंच माझं. लाव फोन त्यांना.

टपालवाली : आत्ता? काय बोलू? सवयच गेलीय. हॅलो. हो, मीच. नाही, काही झालं नाही. जेवलात? काय करत होता? नुसतेच बसला होतात? अहो, ऐका ना. अकरा दारं राहिलीत माझी. गाडीवर मागे जागा आहे. कुणी पिशवी धरायला असलं तर… नाही, जिने नका चढू, खाली थांबलात तरी चालेल.

नर्सबाई : काय म्हणतायत?

टपालवाली : म्हणतायत, पत्ता सांग.